पीटीबाई आणि माझे थंड पाय

पीटीबाईंना थंडी वाजत नसे. कमी वाजत असे असं नाही, वाजतच नसे. डिसेंबरात आमच्या तुमसरला दारोदार शेकोट्या पेटायच्या, राइस मिलचे हमाल कानाला मफलर गुंडाळून पोती उचलायचे आणि आमचे हे पोस्टाच्या खिडकीत माकडटोपी घालून बसायचे. अशा दिवसांत पीटीबाई भल्या सकाळी अंगणातल्या नळाखाली बादली भरून ते गार पाणी डोक्यावर ओतून घ्यायच्या, आणि वरून गाणं म्हणायच्या. मी दोन स्वेटर आणि पायमोजे घालून गॅसपाशी उभी असायचे. ओले केस झटकत त्या माझ्याजवळ यायच्या आणि म्हणायच्या, "थंडी अंगात नाही रायत, शालू. थंडी डोक्शात रायते." रोज सकाळी सकाळी हे ऐकून माझ्या डोक्यात जे काही राहायचं, ती थंडी नव्हती.

त्या माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही. शाळेत पीटी शिकवायच्या, गळ्यात शिट्टी असायची, म्हणून गावाने त्यांना पीटीबाई केलं आणि मग घरातही तेच नाव पडलं. माझं लग्न झालं तेव्हा त्यांची शाळा पार गोंदियाच्या पलीकडे होती. दिवाळीला आणि भीमजयंतीला यायच्या, दोन दिवस राहायच्या, साऱ्यांना सरळ बसायला सांगून परत जायच्या. तेवढं मला चालत होतं. मग भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला. शिक्षकांना कुठला जिल्हा हवा ते विचारलं, तर पीटीबाईंनी भंडारा सांगितला आणि बदली घेतली थेट नाकाडोंगरीला, आमच्यापासून एका बसच्या अंतरावर. गोंदियाला नवा कलेक्टर मिळाला, मला पीटीबाई मिळाल्या.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारच्या बसने त्या उतरायच्या आणि सोमवारी पहाटे जायच्या. माझी मुलगी मयूरी तेव्हा नुकती बालवाडीत जात होती. शनिवारी तिला जेवण जात नसे. मी घास भरवतेय आणि हिचे कान रस्त्यावर. शिट्टी ऐकू आली की ताटावरून उठून पळायची. आई आठवडाभर मागे लागते, दूध पी, केस विंचरू दे. तिची शेंबडी कुरकुर आईच्या वाट्याला. आणि आत्या आली की पोर हसत हसत दूध पिऊन टाकणार, का तर आत्याने "एक साथ, सुरू कर" म्हटलं. माझ्या पोटात दुखायचं. उगाच दुसरं नाव कशाला देऊ, तो निव्वळ हेवा होता आणि तो दर शनिवारी बसबरोबर यायचा.

पुढे तर मयू चालायलाही त्यांच्यासारखी लागली. खांदे मागे, मान ताठ, लांब टांगा. सुट्टी लागली की नाकाडोंगरीला. तिथल्या जंगलात आत्याच्या मागे फिरायची, टेकड्या चढायची, मोहाच्या झाडावर बसायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीमच्या पथकापुढे पीटीबाई शिट्टी घेऊन, त्यांच्यामागे मयू, आणि कडेकडेने पाण्याची बाटली घेऊन मी. बायका कौतुकाने म्हणायच्या, "पोट्टी आत्यावरच गेली जी." जणू पार्सल त्यांच्या नावाचं होतं आणि मी फक्त सही करून घेतलं होतं.

एक गोष्ट मात्र पोरीने माझी घेतली होती. माझे पाय. माझे पाय दिवाळीपासून होळीपर्यंत गार असतात. दोन पायमोजे घाला, शेका, तेल चोळा, काही उपयोग नाही. मयूचेही तसेच. लहानपणी ती माझ्याजवळ झोपायची, तेव्हा झोपेतच तिचे गार पाय माझ्या पोटऱ्यांना येऊन लागायचे. मी ते माझ्या दोन पायांत धरून ठेवायचे. दोन्ही थंडच, पण थोड्या वेळाने कुठून तरी ऊब यायची. ही आमची दोघींची गोष्ट होती. तिच्यात शिट्टी नव्हती, म्हणून कोणाला दिसत नव्हती.

पीटीबाईंची आणखी एक सवय सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. त्या कोणासाठीही काही आणायच्या ते वाढत्या अंगाचं. मयूचा शाळेचा गणवेश घोट्यापर्यंत. कॅनव्हासचे बूट पुढे कापूस भरून घालायचे. आमच्या ह्यांचं वय चाळिशीच्या पुढे, तरी त्यांच्यासाठी आणलेला स्वेटर मांडीपर्यंत यायचा. "असू दे वं," त्या म्हणायच्या. "माणूस का आहे तेवढाच रायते?" आमच्या घरात सगळेच आयुष्यभर थोड्या मोठ्या कपड्यांत वावरले.

मयू नागपूरला कॉलेजात गेली आणि तिथल्या एका ग्रुपबरोबर तिने हिमालयात जायचं ठरवलं. तेही भर थंडीत, बर्फात, सामान पाठीवर घेऊन. हे तिने आधी कोणाला कळवलं ते सांगायला नको. आम्हाला पीटीबाईंकडून कळलं. रात्री तंबूत उणे तापमान असणार, म्हणून एक चांगली स्लीपिंग बॅग हवी होती. भाड्याच्या असतात, पण त्या पुरुषी मापाच्या आणि त्यांत किती जण घामेजून गेलेले असतात कोण जाणे. ही बॅग गरम हवी आणि हलकीही हवी, कारण ती रोज तिलाच वाहायची होती. मी ह्यांना म्हटलं, "पोरगी बर्फात झोपणार आहे. तिच्या पांघरुणाचं आपण बघायला हवं." हे म्हणाले, "पीटीबाईनं घेतलंबी."

खरंच घेतलं होतं. त्या शनिवारी पीटीबाई बसमधून एक गाठोडं घेऊन उतरल्या. लाल रंगाची, ढमाली, एका हाताला जड लागेल अशी बॅग. त्यात नाकाडोंगरीच्या गच्चीवर त्या स्वतः एक रात्र झोपून आल्या होत्या. "एकदम फस्कलास. मले त घाम सुटला," त्यांनी जाहीर केलं.

मी म्हटलं, "बाई, तुमाले दगडावर झोपवलं तरी घामच सुटन."

"मंग तू झोपून पाह्य."

त्यांना वाटलं असेल, ही काय झोपणार. मी झोपले. दुपारच्या वेळी व्हरांड्यात, सावलीच्या गार फरशीवर, डोक्यापर्यंत चेन ओढून. बॅग वाढत्या अंगाची होती. पायापुढे एवढी जागा, की त्यात आणखी एक मयू मावली असती. खांद्यांच्या बाजूलाही पोकळ. ती सगळी रिकामी जागा गारच्या गार राहिली आणि माझे पाय त्या टोकाला कोणी विसरून गेल्यासारखे पडले. एक चहा होईस्तोवर मी वाट पाहिली, मग बाहेर आले आणि पाय पुढे केले. "हात लावून पाहा," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पीटीबाई चुकल्या होत्या आणि माझ्याकडे पुरावा होता. मला फार बरं वाटलं. भांडणाची तयारीही होती. दोन-चार वाक्यं तर मनात घोळवून ठेवली होती.

पीटीबाईंनी माझ्या पायाला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग बॅगची गुंडाळी करत म्हणाल्या, "बरोबर आहे तुहं. ज्याले थंडीच वाजत नाही, त्यानं कायले पारख करावी? ज्याले वाजते त्यालेच विचारा लागते. चाल, तू चाल माह्यासंगं नागपूरले."

माझी दोन-चार वाक्यं तशीच राहिली.

लाल बॅग घेतली होती, त्याच नागपूरच्या दुकानात ती घेऊन गेलो. तिथे बॅगांची रांग लागली होती. दुकानदार भला माणूस होता. त्याने सांगितलं, लेबलवर दोन आकडे असतात. पहिल्या आकड्याच्या थंडीत बाईमाणूस नीट झोपते. दुसऱ्या आकड्याच्या, त्याहून कडक थंडीत माणूस कसाबसा सकाळपर्यंत तग धरतो. आमच्या लाल बॅगवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा तग धरायचा होता. बायकांसाठी वेगळी बॅग येते, हेही तेव्हाच कळलं. लांबीला कमी, खांद्यांत अरुंद, कमरेला थोडी सैल आणि पायांच्या भागात बदकाची पिसं जास्त भरलेली. म्हणजे बायकांचे पाय थंड पडतात हे जगात कुठेतरी कोणाला तरी माहीत होतं. मी पीटीबाईंकडे पाहिलं. त्या लेबल वाचत होत्या.

मग मी नऊवारी नाही तरी सहावारी सांभाळत, दुकानाच्या मधोमध अंथरलेल्या सतरंजीवर, एका शेंगेसारख्या पिशवीत शिरले. दोन कॉलेजची पोरं बूट बघायला आली होती, ती आमच्याकडेच बघत उभी राहिली. पीटीबाईंचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. "बाजूले व्हा जी," त्या म्हणाल्या, "आमच्या घरची सून झोपून राहिली." पोरं दुकानाबाहेर गेली. मी एकीतून निघायचे, दुसरीत शिरायचे. एक उबदार पण जड. पीटीबाई तिला एका बोटावर तोलून म्हणाल्या, "पोरगी पहाड चढते का खेचर?" एक हलकी पण पायाला फसवी. शेवटी एक निळी मिळाली. मुठीत दाबली तर लहान होणारी, सोडली तर फुगणारी, आणि आत पाय घातला की पायाला लागून बसणारी. पण दुकानात थंडी कुठे होती? पीटीबाईंनी लाल बॅग बदल्यात त्याच्याकडे ठेवली आणि निळी घेतली, पटली नाही तर दोन दिवसांत परत आणू या बोलीवर.

आमच्याकडे थंडी पडते, पण उणे कुठून आणायची? ती पीटीबाईंनी आणली. तुमसर रोड स्टेशनच्या बाजूला एक बर्फाचा कारखाना होता. तळ्यांची मासोळी आणि उन्हाळ्यातली लग्नं यांवर तो चालायचा आणि हिवाळ्यात अर्धा झोपलेला असायचा. मालक शाळेत असताना पीटीबाईंच्या शिट्टीवर धावला होता. त्याला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बर्फाच्या लाद्या ठेवायच्या खोलीत. चारी बाजूंनी धानाच्या कोंड्यात पुरलेल्या लाद्या, मधे तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर, त्यावर निळी बॅग आणि बॅगेत मी. तणीस त्यांनी मागून आणली होती. पाठीखालची पिसं दबतात, दबली की त्यांची ऊब जाते, खालून काहीतरी हवंच, असं दुकानदाराने सांगितलं होतं. खळ्यावर धान राखायला झोपणाऱ्या आमच्या माणसांनाही ते कोणी शिकवावं लागत नाही. पीटीबाई शेजारी एका डब्यावर बसल्या. अंगावर साधी सुती साडी. शालसुद्धा नाही.

"पायाले कसं वाटते?" दर थोड्या वेळाने विचारायच्या.

"गार आहेत अजून."

मग पुन्हा, "आता?"

"आता थोडे कमी."

बॅगेच्या तोंडातून मला त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता. त्या माझ्याकडे न बघता लाद्यांकडे बघत बोलायला लागल्या.

"पोरगी लहानी होती, नाकाडोंगरीले माह्यापाशी झोपे, तवा पाय पोटाशी घे. मले वाटे, सवय असन. मी त खिडकीबी उघडी ठेवो. एक दिवस सकाळी मले म्हणते, आत्या, आई माह्ये पाय आपल्या पायात धरते. तवा मले समजलं का पोरीले थंडी वाजते म्हणून. इतके दिवस वाजून राहिली अन् मले पत्ताच नाही. म्हटलं, काहून नाही सांगितलं वं? त म्हणे, आईले सांगा लागत नाही."

मी बॅगेत पाय एकमेकांत धरले.

"तवापासून मले तुह्या पायाचा राग येते, शालू," पीटीबाई म्हणाल्या.

खरं सांगते, मला दया वगैरे आली नाही. मला आनंद झाला. इतका की तळपायापासून वर काहीतरी गरम चढत आलं, आणि ते बदकाच्या पिसांमुळे की या वाक्यामुळे, मला सांगता येईना. दर शनिवारी माझ्या पोटात दुखत होतं तेव्हा समोरही दुखत होतं म्हणायचं. मी म्हटलं, "बाई, पाय गरम झाले. हेच घेऊ."

मयू बॅग न्यायला आली. उचलून बघितली आणि हसायलाच लागली, ही तर उशीएवढी आहे म्हणाली आणि आत्याच्या गळ्यात पडली. पीटीबाईंनी तिला सांगितलं, "आईनं बर्फात झोपून पसंत केलं हे. मी त नुसती बसली होतो." मयूला वाटलं आत्या गंमत करतेय. ती परत गेली आणि तिच्या सगळ्या मैत्रिणींना कळलं, की मयूच्या आत्याने बर्फाच्या कारखान्यात पारख करून बॅग आणली. माझी आयुष्यभराची थंडी, तीसुद्धा त्यांच्या नावावर गेली.

ट्रेक संपवून ती खाली उतरली तो शनिवार होता. माझा फोन सकाळपासून फडताळावर गप्प पडला होता. वाजला तो पीटीबाईंच्या पिशवीतला. त्यांनी नाव बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "घे वं. मले ऐकू येऊन नाही राहिलं." त्यांचे कान भिंतीपलीकडची कुजबुज ऐकणारे होते. मी फोन कानाला लावला. तिकडून मयू म्हणाली, "आत्या, पाय एकदम गरम होते माझे." मी म्हटलं, "बरं झालं, बाळा." मग ती म्हणाली, "आई?" मी थोडं बोलले आणि फोन परत दिला. त्यांनी आपण होऊन मला तो दिला होता, आणि मला त्याचाही हेवा वाटला. मोठेपणसुद्धा याच मारून नेणार.

निवृत्त झाल्यावर पीटीबाई आमच्याकडेच राहायला आल्या. आता रोजच शनिवार. मयू तोवर पहाडातच कामाला लागली होती, लोकांना घेऊन वर जायची. तिच्याकडे नव्या बॅगा आल्या, निळी आमच्या कपाटात राहिली. एका ऑक्टोबरच्या दुपारी, उकाड्याने जीव नको झालेला असताना, पीटीबाई दिवाणावरून म्हणाल्या, "शालू, जरा चादर दे वं." मी कपाटातून चादर काढून त्यांच्या अंगावर घातली. मला तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी रक्ताचं काही सांगितलं ते नंतर.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांना दोन ब्लँकेटं पुरेनात. मी घरून निळी बॅग आणवली. त्यांचे खांदे पीटीचे, रुंद. चेन छातीपाशी येऊन अडली. मी ओढत राहिले. "सोड वं," त्या म्हणाल्या, "ते तुमा मायलेकीच्या मापाचं आहे." आयुष्यभर साऱ्या जगाला वाढत्या अंगाचं आणणाऱ्या या बाईला शेवटी एक पांघरूण अपुरं पडलं, तेही माझ्या मापाने घेतलेलं. मी चेन पूर्ण उघडली, बॅग त्यांच्या अंगावर पसरली आणि पाय तेवढे तळाच्या पिसांत घालून बाहेरून दोन्ही हातांनी धरून बसले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "थंडी अंगातच रायते, शालू. मी उगीच डोक्शात म्हणत होतो."

मयू वेळेवर पोचली. दोन दिवस तिने आत्याचा हात सोडला नाही. मी पायांशी होते, मला तिथून हलावंसं वाटलं नाही. थंडी सुरू व्हायच्या आत पीटीबाई गेल्या.

पुण्यानुमोदनाला नाकाडोंगरीहून त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं ट्रक भरून आली. मयू बोलायला उभी राहिली. सगळी आत्याच. आत्याने चालायला शिकवलं, आत्याने झाडावर चढवलं, आत्याने बर्फाच्या कारखान्यात बॅग पारखली. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं आणि अशा दिवशीसुद्धा माझ्या पोटात दुखलं. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे मलाही कळतं. पण त्यांच्याबाबतीत मला ते कधी जमलं नाही.

माणसं गेली, घर रिकामं झालं. दुपारी मी हॉलमध्ये सतरंजीवर बसून भाजी निवडत होते. मयूने निळी बॅग आणली, माझ्याजवळ आडवी झाली, ती अंगावर ओढून तोंड तिच्यात खुपसलं. रडत होती की झोपत होती कळेना. मग बॅगेखालून तिचे पाय बाहेर आले आणि सरकत सरकत माझ्या मांडीशी येऊन टेकले. गार होते. मी भाजीचं ताट बाजूला केलं आणि ते पाय पदरात घेऊन दोन्ही हातांनी धरले. एवढं मी जिंकले होते, आणि ते बघून ज्यांच्या पोटात दुखावं त्या पीटीबाई नव्हत्या.